जुन्या मोटारसायकलचा क्लच स्लिप होतोय? इंजिन उघडण्याआधी लिव्हरपासून सुरुवात करा

चढावर अ‍ॅक्सिलरेटर पिळला, इंजिनचा आवाज चढला, पण गाडी होती त्याच वेगानं रांगत राहिली, तर बहुतेक वेळा क्लच स्लिप होत असतो. जुन्या गाडीत हे हळूहळू होतं. आधी टॉप गिअरमध्ये, मागे कुणी बसलेलं असताना जाणवतं, मग एकट्यानं चालवतानाही, आणि शेवटी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येसुद्धा गाडी उचलत नाही.

ज्यांनी प्लग साफ करण्यापलीकडे गाडीला कधी हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. काम जमण्यासारखं आहे, पण ते बाहेरून आत या क्रमानं करायला हवं. आधी लिव्हर आणि केबल, मग ऑइल, आणि सगळ्यात शेवटी प्लेटा. 'क्लच स्लिप होतोय म्हणजे प्लेटा गेल्या' ही समजूत इतकी पक्की बसलेली आहे की चांगल्या प्लेटा काढून टाकल्या जातात आणि दोष जिथल्या तिथे राहतो. मी स्वतः हे केलं आहे, ते पुढे सांगतो.

आत काय असतं

बहुतेक मोटारसायकलींचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि त्यात एकाआड एक रचलेल्या प्लेटांची चळत असते. अस्तर लावलेली एक फायबर प्लेट, मग एक साधी स्टील प्लेट, मग पुन्हा फायबर. फायबर प्लेटांचे बाहेरचे कान हाऊसिंगच्या खाचांत बसतात आणि हे हाऊसिंग इंजिनबरोबर फिरतं. स्टील प्लेटांचे आतले दाते सेंटरला धरतात आणि सेंटर गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसलेलं असतं. स्प्रिंगा प्रेशर प्लेट दाबून ही सगळी चळत आवळून धरतात, म्हणून इंजिनचा जोर चाकापर्यंत जातो. लिव्हर दाबला की स्प्रिंगांचा दाब उचलला जातो, प्लेटा सुट्या होतात आणि इंजिन मोकळं फिरतं.

म्हणजे स्लिप व्हायला दोनच वाटा आहेत. एक तर स्प्रिंगांचा दाब प्लेटांवर पूर्ण पडत नाही, किंवा दाब पूर्ण असूनही प्लेटा एकमेकींना धरू शकत नाहीत. पहिल्या वाटेतले बरेचसे दोष इंजिनच्या बाहेरूनच दुरुस्त होतात.

खरंच क्लच आहे का, ते आधी ठरवा

इंजिन नीट गरम होऊ द्या. मोकळ्या, सरळ रस्त्यावर, शक्यतो हलक्या चढावर, टॉप गिअरमध्ये ताशी 40 किलोमीटरच्या आसपास या आणि अ‍ॅक्सिलरेटर झटकन पूर्ण पिळा. क्लच चांगला असेल तर इंजिनचा आवाज आणि गाडीचा वेग एकमेकांना धरून वाढतात. आवाज पुढे पळाला आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतोय. आवाजही वाढत नसेल, गाडी नुसतीच जड ओढत असेल, तर दोष कार्बोरेटर, कॉम्प्रेशन किंवा चिकटलेल्या ब्रेककडे शोधा. जोर लावल्यावर खाली कटकट आवाज येऊन झटका बसत असेल तर आधी चेन आणि स्प्रॉकेटचे दाते बघा. झिजलेल्या दातांवरून चेन उडी मारते आणि नवख्याला तो क्लच वाटतो.

किकवरूनही अंदाज येतो, पण सगळ्या गाड्यांत नाही. काही जुन्या गाड्यांत किकचा जोर क्लचमधूनच इंजिनकडे जातो. अशा गाडीत किक मारल्यावर पाय सर्रकन खाली गेला आणि इंजिन फिरलंच नाही, तर क्लच पकडत नाहीये. ज्या गाड्यांत किक थेट हाऊसिंगच्या गिअरला फिरवते, म्हणजे ज्या गिअरमध्ये असतानाही क्लच दाबून किकनं सुरू होतात, त्यांत ही परीक्षा काहीच सांगत नाही.

लिव्हरचा प्ले: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

क्लचचा लिव्हर दोन बोटांनी हलकेच ओढा. सुरुवातीला तो ढिला येतो आणि मग ताण लागतो. ताण लागण्याआधीचा हा ढिला प्रवास म्हणजे फ्री प्ले. बहुतेक गाड्यांत तो लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिलिमीटर असतो. लिव्हर जिथे हँडलवरच्या पकडीत बसतो तिथे मोजलात तर साधारण 2 ते 3 मिलिमीटर फट दिसते. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

प्ले शून्य असेल तर लिव्हर न दाबताही केबल थोडी ओढलेलीच राहते, म्हणजे तुम्ही कायम अर्धवट क्लच दाबूनच गाडी चालवताय. स्प्रिंगांचा दाब कमी, प्लेटा घसरणार, तापणार, आणखी झिजणार.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती पहिल्यांदा उलटी वाटते. केबल जुनी झाली की ताणून लांब होते आणि प्ले वाढतो. पण प्लेटा झिजल्या की प्ले कमी होतो. चळत पातळ झाली की प्रेशर प्लेट झिजेल तितकी सरकते आणि क्लच उचलणाऱ्या रॉडला किंवा लिफ्टरला जाऊन टेकते. मधली मोकळी जागा संपते. म्हणून वर्षभर न बघितलेल्या गाडीचा लिव्हर आपोआप घट्ट होत गेला असेल, तर तो प्लेटा झिजत असल्याचा निरोप आहे. वेळेवर प्ले मोकळा केला तर त्याच प्लेटा पुढे बराच काळ चालतात. न केला तर झीज आणि स्लिप एकमेकांना खतपाणी घालतात.

प्ले लावायचा क्रम असा. आधी हँडलजवळचा अ‍ॅडजस्टर जवळजवळ पूर्ण आत फिरवा, म्हणजे केबल ढिली पडेल. मग इंजिनजवळचा खालचा अ‍ॅडजस्टरही ढिला करा. आता इंजिनवरचा क्लचचा आर्म, ज्याला केबलचं खालचं टोक अडकलेलं असतं, तो बोटानं हलवून बघा. थोडासा मोकळा हलून मग अडला पाहिजे. केबल पूर्ण ढिली असूनही आर्म जरासुद्धा मोकळा हलत नसेल, तर दोष केबलचा नाही. एक तर आतला रॉड जास्त कसलेला आहे किंवा आर्मचा शाफ्ट गंजून अडकलाय.

रॉडचा अ‍ॅडजस्टर सगळ्या गाड्यांना नसतो. असेल तिथे तो छोट्या झाकणाखाली, लॉकनटसकट (स्क्रू जागेवर धरून ठेवणारा नट) असतो. लॉकनट सोडा, मधला स्क्रू हळूच आत फिरवा, अडकल्याचं बोटांना जाणवलं की थांबा आणि तिथून थोडा मागे घ्या. गाडीप्रमाणे हे मागे घेणं आठव्या भागापासून अर्ध्या फेऱ्यापर्यंत असतं. लॉकनट आवळताना स्क्रू पेचकसानं धरून ठेवा, नाहीतर तो बरोबर फिरतो आणि सगळं माप जातं. मग खालच्या अ‍ॅडजस्टरनं केबलचा ढिलेपणा घालवा आणि शेवटचा बारकावा हँडलच्या अ‍ॅडजस्टरवर करा. हा क्रम उलटा करून नुसती हँडलची चाकी फिरवत राहिलात तर आतला रॉड कसलेलाच राहतो.

आता केबल. माझ्या पहिल्या जुन्या गाडीचा क्लच स्लिप व्हायला लागला तेव्हा मी थेट साइड कव्हर उघडलं. नव्या प्लेटा, नव्या स्प्रिंगा घातल्या, दोन दिवस त्यात गेले, आणि पहिल्याच चक्करीत स्लिप तशीच. नंतर हँडल डावी-उजवीकडे वळवत लिव्हरवर बोट ठेवलं तेव्हा कळलं. हँडल डावीकडे वळलं की प्ले नाहीसा व्हायचा आणि सरळ केल्यावरही परत यायचा नाही. टाकीखालच्या पट्टीत केबलचं बाहेरचं कव्हर चेपलं गेलं होतं आणि आतली तार तिथेच अडकून राहायची. काढलेल्या प्लेटा नंतर मोजल्या तर मापात होत्या. तेव्हापासून कुणाचीही गाडी असो, मी आधी हँडल दोन्ही टोकांना वळवून प्ले बघतो. लिव्हर सोडल्यावर तो झटकन परत आला पाहिजे. सुस्त येत असेल तर केबल सुटी करून तार आतल्या आत ओढून बघा. खरखर लागली किंवा टोकाशी एखादा धागा तुटलेला दिसला तर केबल बदला.

काही मोठ्या गाड्यांत केबलऐवजी हायड्रॉलिक क्लच असतो. तिथे प्ले लावायचा नसतो, पण वरच्या सिलिंडरमधलं ऑइल परत येण्याचं बारीक भोक घाणीनं बुजलं तर दाब अडकून राहतो आणि क्लच तसाच घसरतो.

ऑइल

केबल ठीक असेल तर आठवा, स्लिप ऑइल बदलल्यावर सुरू झाली का? मोटारसायकलमध्ये बहुतेक वेळा इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलवर चालतात. कारसाठी बनवलेल्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात. इंजिनाला ती चालतात, क्लचच्या फायबरला नाही. म्हणूनच जपानमध्ये 1998 साली मोटारसायकलच्या ऑइलसाठी जासो टी 903 हे मानक आलं. डब्यावर जासो एमए किंवा एमए 2 असेल तर ते ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालतं. जासो एमबी हे कमी घर्षणाचं ऑइल आहे आणि ते ज्यांचा क्लच इंजिन ऑइलमध्ये नसतो अशा ऑटोमॅटिक स्कूटरसाठी असतं. तुमची गाडी 1998 च्या आधीची असेल तर तिच्या मॅन्युअलमध्ये हा शिक्का दिसणार नाही. तिथे सांगितलेला जाडीचा ग्रेड घ्या आणि डब्यावर एमए बघा. इंजिन गुळगुळीत चालण्यासाठी म्हणून मिळणारी, ऑइलमध्ये ओतायची औषधं ओल्या क्लचच्या गाडीत घालू नका.

चुकीचं ऑइल गेलं असेल तर ते काढून योग्य भरा, थोडं चालवून पुन्हा एकदा बदला. अस्तरात फार मुरलेलं नसेल तर क्लच सावरतो. ज्या जुन्या गाड्यांत प्रायमरी चेनच्या (इंजिनचा जोर क्लचकडे नेणारी चेन) डब्याचं ऑइल वेगळं असतं, तिथे त्या डब्यातलं ऑइल आणि त्याची पातळी बघायची.

आता उघडायचं

इथवर सगळं तपासूनही स्लिप राहिली तर दोष आत आहे. सामान जमवा: तुमच्या गाडीचं क्लच कव्हर गॅस्केट (सांध्यातून ऑइल गळू नये म्हणून मधे बसणारा पातळ थर), नवं ऑइल, जाडी मोजायचा व्हर्नियर, बारीक फट मोजायच्या पात्यांचा फीलर गेज, सपाट जाड काचेचा तुकडा, चांगले पाने, शक्य असेल तर किती जोरानं कसलं ते दाखवणारा टॉर्क पाना. प्लेटा मोजण्याआधी विकत घेऊ नका.

जुन्या प्लेटांच्या अस्तरात आणि जुन्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. त्यामुळे आतली घाण हवेच्या फवाऱ्यानं उडवू नका, कोरड्या गॅस्केटला ब्रश किंवा सँडपेपर लावू नका. ऑइलनं ओलं करून खरवडा, ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. हातमोजे घाला, वापरलेलं इंजिन ऑइल कातडीला वाईट असतं.

इंजिन थंड असताना ऑइल काढा. क्लच केबल सोडा. किक, फूटरेस्ट किंवा ब्रेकचं पेडल आड येत असेल तर तेही काढा. कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा, बोल्टांच्या जागी भोकं पाडा आणि प्रत्येक बोल्ट निघेल तसा त्याच भोकात खोचा. लांब बोल्ट चुकून आखूड जागी कसला तर केसिंगला तडा जातो, आखूड बोल्ट लांब जागी घातला तर आटे जातात. कव्हर चिकटलं असेल तर प्लास्टिकच्या हातोडीनं कडेनं हलके ठोके द्या. सांध्यात पेचकस घुसवू नका, तिथे पडलेल्या ओरखड्यातून कायम ऑइल गळत राहतं. कव्हर निघताना ते नेमक्या जागी बसवणाऱ्या दोन छोट्या डॉवेल पिना खाली पडतात, त्या शोधून ठेवा.

आत बघितल्यावर दोन प्रकार दिसतील. काहींत स्प्रिंगांचे बोल्ट काढले की प्रेशर प्लेट हातात येते आणि प्लेटा ओढून काढता येतात. बऱ्याच छोट्या गाड्यांत मात्र वर लिफ्टर प्लेट असते, खरी प्रेशर प्लेट चळतीच्या मागे असते आणि मधला लॉकनट सोडल्याशिवाय प्लेटा निघत नाहीत. त्या नटाच्या खाचांत बसणारा चार दात्यांचा खास सॉकेट लागतो. छिन्नी-हातोडीनं तो फिरवू नका. सॉकेट मिळेपर्यंत थांबा.

स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे ढिले करा. एकच पूर्ण काढला तर प्लेट वाकडी होऊन शेवटच्या बोल्टवर सगळा जोर येतो आणि त्याची अ‍ॅल्युमिनियमची दांडी तुटते. प्लेटा निघतील तशा क्रमानं, तीच बाजू वर ठेवत मांडा आणि फोटो काढा. काही गाड्यांत पहिली किंवा शेवटची फायबर प्लेट बाकीच्यांहून वेगळी असते, तर काहींत तळाशी एक पातळ रिंग आणि तिच्यावर बशीसारखी वाकडी स्प्रिंग असते. ही स्प्रिंग उलटी बसली तर क्लच नीट पकडत नाही.

मोजमाप

फायबर प्लेटची जाडी व्हर्नियरनं तीन-चार ठिकाणी मोजा. अनेक गाड्यांत नवी प्लेट 3 मिलिमीटरच्या आसपास असते आणि त्यातले काही दशांशच झिजायला परवानगी असते. म्हणून नजरेनं 'अजून जाड दिसतेय' हे पुरेसं नाही. जाडी ठीक असूनही अस्तर काचेसारखं चकचकीत, काळं झालं असेल किंवा जळका वास येत असेल तर प्लेट गेली. सँडपेपर मारून ती परत येत नाही.

स्टील प्लेटा उजेडात धरा. एखादीवर निळसर-जांभळे पट्टे दिसतील, सायलेन्सरच्या तोंडाशी येतात तसे. ती प्लेट तापलेली आहे आणि तापलेली प्लेट बहुतेक वेळा वाकलेली असते. काच टेबलावर ठेवा, प्लेट तिच्यावर ठेवा, दाबू नका, आणि फीलर गेजची पाती कडेखाली सरकवत फिरा. मॅन्युअलमधल्या मर्यादेएवढी पाती कुठेही आत गेली तर प्लेट बदला. मर्यादा मिलिमीटरच्या दशांशांत असते, डोळ्याला ती दिसत नाही. सरळ निघालेल्या पण गुळगुळीत झालेल्या स्टील प्लेटवर मात्र बारीक एमरी पेपर गोल गोल हलका फिरवायला हरकत नाही. नंतर ती स्वच्छ धुवा.

स्प्रिंगांची मोकळी लांबी मोजा. उष्णतेनं त्या आखूड होतात. एक जरी मर्यादेखाली असली तरी पूर्ण सेट बदला, नाहीतर प्रेशर प्लेट एका बाजूला कमी दाबते. जुन्या स्प्रिंगांखाली वॉशर घालून दाब वाढवण्याची युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेलच. ती करू नका. लिव्हर जड होतो, क्लच पूर्ण सुटत नाही, आणि झिजलेल्या प्लेटा झिजलेल्याच राहतात.

हाऊसिंगच्या बोटांवर प्लेटांच्या कानांनी चर पाडलेत का बघा. नख अडकेल असे चर असतील तर प्लेटा त्यांत अडकतात, सुटतानाही आणि पकडतानाही. बारीक खुणा कानशीनं सपाट होतात, खोल चर असेल तर हाऊसिंगच बदलावं लागतं.

जोडताना

नव्या फायबर प्लेटा गाडीत घालणार असाल त्याच ऑइलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. कोरड्या घातल्या तर पहिल्याच वापरात अस्तर जळू शकतं. चळत लावताना साधारणपणे पहिली आणि शेवटची प्लेट फायबर येते, मधे एकाआड एक. फोटोशी ताडून बघा.

मग प्रेशर प्लेट. हिचे दाते सेंटरच्या खाचांत नीट बसले पाहिजेत. दाता खाचेऐवजी कंगोऱ्यावर बसला तर बोल्ट कसले जातात, वरून सगळं बरोबर दिसतं, आणि आत चळत मोकळीच राहते. बोल्ट घालण्याआधी प्लेट दाबून थोडी फिरवा. ती खाली बसल्याचा टक असा आवाज येतो, आणि सगळ्या बाजूंनी फट सारखी दिसते. बोल्ट समोरासमोर, दोन-तीन टप्प्यांत कसा. ते छोटे असतात, साधारण 8 ते 12 न्यूटन-मीटर टॉर्क त्यांना पुरतो. मोठ्या पान्यानं हात ताणून कसले तर दांडी मोडते.

ज्या गाडीत रॉड शाफ्टमधून पलीकडच्या बाजूनं येतो, तिथे कव्हर लावण्याआधीच केबल जोडून लिव्हर दाबून घ्या. प्रेशर प्लेट सगळीकडून सारखी उचलली जाताना दिसली पाहिजे. कव्हरचं जुनं गॅस्केट पूर्ण खरवडा, नवं कोरडंच बसवा. सिलिकॉनचा थर लावू नका, आत पिळून आलेला तुकडा ऑइलच्या वाटेत जाऊन बसतो. डॉवेल पिना जागेवर, बोल्ट पुठ्ठ्यावरून त्याच क्रमानं, ऑइल मापानं.

नव्या प्लेटांची चळत जाड असते, त्यामुळे जुना प्ले आता लागू नाही. रॉडपासून हँडलपर्यंत वरचा सगळा क्रम पहिल्यापासून करा. गाडी सुरू करून क्लच दाबून पहिला गिअर टाका. गाडी पुढे ओढत असेल तर प्ले जास्त झालाय. गरम झाल्यावर पुन्हा मोजा आणि मग चढावरची परीक्षा घ्या. पहिले काही दिवस हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका, प्लेटा एकमेकींशी बसायच्या असतात. त्या बसताना चळत किंचित पातळ होते, म्हणून साधारण 500 किलोमीटरनंतर लिव्हरच्या टोकाशी पट्टी धरून प्ले परत एकदा लावून घ्या.